कानबाईचं येणं वेगळं, माझं हरवणं वेगळं

नमस्कार दादा,

एकाच माणसाचं ‘मी’ तुटून वेगवेगळं होतं, त्या माझ्या आजाराबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर मनातून गेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एका देहात अनेक जण हे सिनेमातलं खूळ आहे, अंगात येण्याला आजार म्हणून मी कानबाईच्या भक्तांचा अपमान केला, आणि इतक्या वर्षांनी घरातलं चव्हाट्यावर आणून काय मिळवलं?

आधी कानबाईचं. खानदेशातली ही देवी श्रावणात आमच्याही घरी बसते. माझ्या काकूच्या अंगात यायचं. बायका ओटी भरायच्या, पाया पडायच्या, आणि थोड्या वेळाने काकू पुन्हा पुरणपोळ्या लाटायला बसलेली. तिला त्याचा जाच नव्हता, उलट बळ मिळायचं. याला आजार मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही समाजाच्या रीतीत बसणारं असं येणं आजारात धरत नाहीत.

माझं तसं नव्हतं. माझ्या पर्समध्ये चोपड्याचं एसटीचं तिकीट निघायचं आणि चोपड्याला गेल्याचं मला आठवायचं नाही. किराण्याच्या वहीत तीन हस्ताक्षरं होती. माझं तिरकं, एक ठसठशीत, आणि एक दुसरीतल्या मुलीसारखं, ज्यात एवढंच लिहिलेलं: ‘कडी लावू नको.’ सोंग म्हणता तुम्ही. दादा, सोंगाला बघणारं कुणी लागतं. ती वही मी पाच वर्षं पिठाच्या डब्यामागे लपवली होती.

सिनेमातलं दुसरं रूप खुनी निघतं. माझ्यातली दुसरी सात वर्षांची आणि भेदरलेली होती. रात्री ज्याची भीती, त्याच घरच्या माणसाला सकाळी चहा नेऊन द्यायचा. ते जमावं म्हणून रात्र आठवणारी मुलगी मनानं वेगळी ठेवली. माणूस एकच, त्याचं ‘मी’ जुळायचं राहून गेलेलं. म्हणूनच १९९४ साली मानसिक आजारांच्या डीएसएम-४ या अमेरिकेतल्या वर्गीकरणात ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे नाव जाऊन ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ आलं.

तुमच्या शंकेला आधार आहे, हे मान्य. या निदानावर मानसोपचारतज्ज्ञांमध्येही वाद आहेत, आणि सूचक प्रश्न विचारून खोट्या आठवणी रुजवता येतात. माझ्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी म्हणूनच कधी ‘कुणी काही केलं होतं का?’ असं विचारलं नाही. पहिली दोन वर्षं आठवणींना हातच लावला नाही. झोप, जेवण, आणि घाबरल्यावर परत भानावर यायला शिकणं: शहाबादी फरशीवर पाय टेकवायचे, माठातलं पाणी मनगटावर घ्यायचं, आजची तारीख मोठ्यानं म्हणायची. गोळ्या होत्या, पण झोपेसाठी आणि उदासीसाठी. या आजाराची अशी गोळी नाही.

त्याआधी माझ्या मायनं मला भगताकडे नेलं होतं. तिच्यावर राग नाही, तिला तेवढंच ठाऊक होतं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, ‘निघ’ म्हणाला. ती मुलगी निघाली नाही, आणखी आत जाऊन बसली. बाईंनी तिला थांब म्हटलं. बरं होणं इथून सुरू झालं, दादा. तिला हाकलून नाही.

चव्हाट्याचं म्हणाल, तर नाव मी कुणाचंच लिहिलेलं नाही. आणि हे वाचून कुणाला आपलंच वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ती वही आता देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात उघडी असते. ‘कडी लावू नको’च्या खाली माझ्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, ‘नाही लावणार.’