खुलासा: आंतरधर्मीय लग्नासाठी धर्मांतराची अट नाही

‘धर्म वेगळे असतील तर एकाने धर्म बदलल्याशिवाय लग्नाची नोंदच होत नाही,’ असा संदेश फिरतोय. साफ चूक. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे दोघंही आपापला धर्म ठेवून लग्न करू शकतात. मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण; लग्न करणार असल्याची नोटीस ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला द्यायची, त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं नोटिशीआधी सलग 30 दिवस वास्तव्य. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांचा स्वीकार केल्याचं एक वाक्य म्हणायचं. मराठीतही चालतं.

गोची होते तारखेत. लग्न लावून घ्यायची तीन महिन्यांची मुदत नोटीस दिल्यापासून मोजतात, ते 30 दिवस संपल्यापासून नव्हे; हुकली की पुन्हा नवी नोटीस. आणि हो, घरच्यांची नापसंती हा कायदेशीर आक्षेप नव्हे. आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं (कायद्याने लग्नाला मनाई असलेलं जवळचं नातं), असलेच आक्षेप टिकतात.