हेगला अर्ज करा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

कृष्णाकाठच्या पूरग्रस्तांच्या आणि कोयनेच्या धरणग्रस्तांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'सुप्रीम कोर्टात हरलात तरी वर अजून एक कोर्ट आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयात थेट अर्ज टाका. सांगलीच्या कुलभूषण जाधवांच्या घरच्यांनी हेच केलं. ९० दिवसांत निकाल, भरपाई खात्यात, आदेश मोडला तर मंत्र्याला अटक.' खाली फॉर्म भरून देणाऱ्याचा नंबर आणि 'फक्त ५०० रु.'

जाधवांच्या नावामुळेच हा मेसेज आपल्याकडे खपतो, म्हणून आधी तेच. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या जाधवांचा जन्म सांगलीचा, एवढं बरोबर. पण ८ मे २०१७ रोजी नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं ते भारत सरकार, पाकिस्तानविरुद्ध. तिथे दावा देशाने देशावर लावायचा असतो. माणसाला, कुटुंबाला किंवा ग्रामपंचायतीला ते कोर्ट दारातही उभं करत नाही. मुद्दाही वेगळा होता. परदेशी कैद्याला त्याच्या वकिलातीशी संपर्क करू द्यावा लागतो, असं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ सांगतं. ते पाकिस्तानने मोडलं, असा निकाल १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी लागला. शिक्षेचा फेरविचार करा, असं कोर्टाने सांगितलं. शिक्षा रद्द करून जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. अटकेची गोष्ट बहुधा हेगमधल्याच दुसऱ्या कोर्टावरून उचलली असावी. ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले चालवतं, आणि भारत त्याचा सदस्य नाही.

मग मानवी हक्कांचं कोर्ट आहे कुठे? युरोपचं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला, अमेरिका खंडाचं कोस्टा रिकात सान होसेला, आफ्रिकेचं टांझानियात अरुशाला. आशियाचं नाहीच. ज्या देशाने करारावर सही करून 'माझ्यावर तक्रार चालवा' म्हटलंय, त्याच्यावरच त्या कोर्टाची हुकमत. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण एकट्या माणसाला तक्रार करू देणारा त्याचा जोडकरार स्वीकारलेला नाही. त्यामुळे त्या करारावर देखरेख करणारी संयुक्त राष्ट्रांची समितीही पाटणच्या धरणग्रस्ताचा अर्ज चालवू शकत नाही.

'थेट अर्ज' हा शब्द तर जिथे कोर्ट आहे तिथेही चालत नाही. ९ एप्रिल २०२४ रोजी स्ट्रासबर्गने हवामानबदलाचे तीन निकाल दिले, त्यातले दोन बघा. पोर्तुगालमधल्या सहा तरुणांनी स्वतःच्या देशासह तीसहून अधिक देशांना खेचलं होतं. पोर्तुगालच्या कोर्टात मात्र ते गेलेच नव्हते. तिथली दारं आधी ठोठवा, म्हणून पोर्तुगालविरुद्धचा, आणि हे तरुण बाकी देशांच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत म्हणून त्या देशांविरुद्धचा अर्ज दाखल करून घेण्याजोगाच नाही असं ठरलं. स्वित्झर्लंडच्या वयस्क बायकांची संघटना मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरून आली होती. ती सोळा विरुद्ध एक मतांनी जिंकली. तिच्यासोबत आलेल्या चार बायकांचे वैयक्तिक अर्ज मात्र फेटाळले गेले.

आता '९० दिवस'. या स्विस संघटनेचा अर्ज २०२० चा, निकाल २०२४ चा. देशातला शेवटचा निकाल लागल्यावर चार महिन्यांत अर्ज पोचला पाहिजे, आधी ही मुदत सहा महिने होती. बहुतेक अर्ज एकटा न्यायाधीशच कागद बघून फेटाळतो आणि त्यावर अपील नाही. जो टिकतो तो सरकारकडे उत्तरासाठी जातो. मग अर्जदाराचं म्हणणं, तडजोडीचा प्रयत्न, तीन किंवा सात न्यायाधीशांचा निकाल. अगदी मोठा प्रश्न असेल तर सतरा जणांचं पीठ. तोंडी सुनावणी क्वचितच. फी नाही आणि फॉर्म कोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, तेव्हा पाचशे रुपये कशाचे ते नंबरवाल्यालाच विचारा.

भरपाई? स्विस संघटनेने ती मागितली नव्हती. खर्चापोटी ८०,००० युरो मिळाले. आणि हे 'वरचं कोर्ट' देशातल्या कोर्टाचा निकाल रद्द करत नाही. हक्क मोडला का, एवढंच ठरवतं. निकाल पाळणं देशावर बंधनकारक असतं आणि त्यावर सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती लक्ष ठेवते. पोलीस पाठवत नाही. तुरुंगात टाकलेले तिथले सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांना सोडा, असं तुर्कस्तानला डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने त्यांना जन्मठेप दिली. त्याच जुलैत स्ट्रासबर्गने 'तुम्ही निकाल पाळला नाही' असा दुसरा निकाल दिला. तरीही अशा निकालांमुळे युरोपात कित्येक कायदे बदललेत, म्हणून मी त्या कोर्टाला कागदी वाघ म्हणणार नाही.

आपल्याला खुली असलेली वाट जवळची आहे. मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे मराठीत अर्ज चालतो, फी नाही, वकिलाची सक्ती नाही. आयोग शिफारस करतो, हुकूम सोडत नाही. शिवाय १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ सांगतं की घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. हेगच्या नादात दहा महिने घालवले तर हातात दोनच उरतात. हुकूमच हवा असेल तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय, आणि सांगली-साताऱ्याच्या याचिकांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: पंचनाम्याची नक्कल आणि तहसीलदारांकडे दिलेल्या अर्जाची पोच कुठे आहे? नसेल तर ती आधी काढून घ्या.