वहिनींची पत्रे आणि सरांची सुतळी

वहिनींनी पत्रे जाळल्याची बातमी त्यांच्या आधीच कट्ट्यावर पोहोचली होती, त्यामुळे संध्याकाळी त्या आल्या तेव्हा विषय कोणी काढायचा हा प्रश्नच उरला नाही. त्या नेहमीच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "हो, जाळली. एकूण एक. आता विचारा काय विचारायचे ते."

पहिले बोट सरांचे वर गेले. सरांचे बोट वर गेले की ते खाली येईपर्यंत इतरांनी बोलायचे नसते, अशी निदान त्यांची तरी समजूत आहे. "वहिनी, ती केवळ तुमची पत्रे नव्हती. तो एका काळाचा दस्तऐवज होता. मुळात आपण..."

"सर," चित्रकाराने बोट खाली येण्याची वाट पाहिली नाही, "पूर्व माणसाला सोडायला शिकवते आणि पश्चिम धरून ठेवायला, हे गेली पंधरा वर्षे तुम्ही आम्हाला इथेच बसून सांगत आला आहात. आता वहिनींनी सोडून दाखवले, तर तुम्हाला एवढी हळहळ का वाटावी?"

"तत्त्वज्ञान वेगळे आणि कागदपत्रे वेगळी," सर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या गंभीरपणे उच्चारले की क्षणभर आम्हाला ते पटलेसुद्धा.

मी पहिल्यापासून वहिनींच्या बाजूचा होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. वहिनींचे दिवंगत यजमान, दादा, आमचे मित्र होते आणि लग्नानंतरची सुरुवातीची वर्षे ते बोटीवर होते. त्या वर्षांत त्यांनी वहिनींना लिहिलेली ती पत्रे आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नव्हती, आणि तरीही ती गेल्याचे कळले तेव्हा माझ्याही घरातले काहीतरी गेल्यासारखे मला वाटले. मी तसे बोलून दाखवले. वहिनी म्हणाल्या, "मलाही वाटले. म्हणून तर जाळण्याआधी प्रत्येक पत्र मोठ्याने वाचले. सहा रात्री लागल्या. माझ्यानंतर ती कोणाच्या तरी हाती पडली असती, आणि त्या माणसाने ती चांगल्या मनानेच वाचली असती, हे मला ठाऊक आहे. पण चांगल्या मनाने वाचणाऱ्या परक्यासाठीही ती लिहिलेली नव्हती."

यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. सरांना मात्र शांतता सहन होत नाही, आणि त्यांनी जपान काढला. इसे येथील देवस्थानाचे उदाहरण ते नेहमीच देतात: दर २० वर्षांनी सगळे मंदिर शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने जसेच्या तसे बांधायचे, देवतेला तिकडे न्यायचे आणि जुने उतरवायचे. इसवी सन ६९० पासूनची ही प्रथा असून २०१३ मध्ये ६२ वे मंदिर उभे राहिले. "आणि ग्रीकांचे ते प्राचीन मंदिर, पार्थेनॉन, पाहा," सर म्हणाले, "पडका दगडसुद्धा हलवायचा नाही! हा दोन संस्कृतींमधला मूलभूत फरक आहे. १९९४ मध्ये नारा शहरात २८ देशांचे तज्ज्ञ जमले आणि वास्तूचा अस्सलपणा सगळ्या संस्कृतींना एकाच मापाने मोजता येत नाही, हे त्यांना मान्य करावे लागले."

हे शेवटचे खरे आहे, आणि सर इतके वाचतात याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांची अडचण अशी की वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचे ते दोन ढीग करतात आणि मग जन्मभर त्या ढिगांची राखण करतात.

चित्रकार म्हणाला, "पण सर, इसेलाही काही सोडून दिलेले नाही. लाकूड सोडले असेल, पण ते रंधणारा हात धरून ठेवला आहे. वीस वर्षांचे अंतर म्हणजे एका सुताराच्या आयुष्यात दोनदा किंवा तीनदा ते काम येणार, एकदा शिकताना आणि एकदा शिकवताना. मध्यंतरीच्या यादवीत हे बांधकाम १२० वर्षांहून अधिक काळ बंद पडले होते. तेव्हाच्या लोकांना सोडण्याचे तत्त्वज्ञान माहीत नव्हते असे थोडेच आहे? पुन्हा बांधण्याची सोय राहिली नव्हती. तुम्ही मोडण्याचे कौतुक करता. माझ्या मते ती जपण्याचीच अधिक अवघड रीत आहे."

"त्याच नारा शहरात," वहिनी सावकाश म्हणाल्या, "शोसोइन नावाचे एक लाकडी कोठार आहे. सम्राट शोमु वारला तेव्हा, ७५६ साली, त्याच्या मृत्यूनंतरच्या ४९ व्या दिवशी सम्राज्ञी कोम्योने त्याच्या सहाशेहून अधिक वस्तू तिथल्या महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या वस्तू नजरेला पडल्या की मागचे सारे आठवते आणि आपण कोसळून पडतो, असे तिने अर्पणपत्रात लिहून ठेवले आहे. त्यांत पाच तारांचे एक वाद्य आहे. त्या घडणीचे मूळ आपल्याकडचे मानतात, आणि त्यावर शिंपल्यांच्या जडावात उंटावर बसून वाद्य वाजवणारा एक माणूस आहे. जपानच्या राजवाड्यात उंट! पाच तारांचे तेवढे जुने वाद्य आता जगात ते एकच उरले आहे. सांगा सर, ते पूर्वेचे की पश्चिमेचे? धरलेले की सोडलेले?"

सरांचे बोट अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. "पाहा, म्हणजे जपले! साडेबाराशे वर्षे जपले, आणि म्हणूनच आज आपण त्याविषयी बोलू शकतो. मी तेच म्हणत होतो."

"जपले ते तिच्यानंतरच्या लोकांनी. तिने देऊन टाकले. स्वतःच्या घरात ठेवले असते तर ती रोज त्यांच्याकडे पाहत राहिली असती आणि रोज कोसळली असती. तिच्यापाशी बुद्ध होता, म्हणून तिने बुद्धाला दिले. माझी भक्ती तेवढी नाही. मी अग्नीला दिले."

धाकट्याने विचारले, "काकू, हे तुम्ही कुठे वाचले?"

"वाचले नाही. बोट कोबेला लागली होती तेव्हा हे नाराला जाऊन आले. तिथल्या संग्रहालयात दर शरद ऋतूत त्या कोठारातल्या थोड्या वस्तू काही दिवस मांडतात, आणि त्या वर्षी ते वाद्य मांडले होते. साडेचार पाने लिहिले होते त्यावर."

ती साडेचार पाने आता नाहीत, हे आम्हा सगळ्यांना एकदमच जाणवले असावे, कारण सरांनीसुद्धा चष्मा काढून पुसायला घेतला.

खरा वाद यानंतर पेटला, आणि तो वहिनी व चित्रकार यांच्यात. सरांनी पश्चिमेच्या हव्यासाचा पुरावा म्हणून रोझेटीचा किस्सा सांगितला: १८६२ मध्ये पत्नी एलिझाबेथ सिडल वारली तेव्हा या कवी-चित्रकाराने आपल्या कवितांचे हस्तलिखित तिच्या शवपेटीत ठेवले, आणि १८६९ मध्ये मित्रांकरवी थडगे उकरून ते परत मिळवले, पुढच्या वर्षी त्या कविता छापल्या. "प्रेमातसुद्धा हिशेब!" सर म्हणाले.

चित्रकार उसळला. "हिशेब कसला? सात वर्षे तो माणूस ते ओझे घेऊन जगला. ठेवताना तो नवरा होता आणि काढताना कवी होता, आणि दोन्ही वेळा तो खरा होता असे मी मानतो. सर, कविता बायकोवर लिहिली म्हणून ती बायकोची होत नाही. चित्र पुरे झाले की ते अशा माणसाचे होते, जो मला कधी भेटणार नाही आणि कदाचित अजून जन्मलाही नसेल. त्याचे आहे ते मी पुरून कसे टाकू? अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींमध्ये होस्टीन क्ला नावाचा एक जण होऊन गेला. रोगनिवारणाच्या विधीत वाळूची जी चित्रे काढतात, ती त्याच विधीत पुसायची असतात. क्ला स्वतः ते विधी करणारा होता, आणि तरीही त्याने ती चित्रे लोकरीत विणली. असे केल्याने अनिष्ट ओढवेल, या भीतीने त्याच्याच लोकांनी विरोध केला. त्याने तरी विणली, कारण ती जाणणारी माणसे संपत चालली आहेत असे त्याला दिसत होते. म्हणजे एकाच संस्कृतीत, एकाच विद्येवर प्रेम करणारी माणसे समोरासमोर उभी ठाकली. कोणाचे प्रेम खोटे ठरवायचे?"

"कोणाचेच नाही," वहिनी म्हणाल्या. "तू चित्राविषयी बोलतोस ते मला मान्य आहे. पण कविता आणि पत्र यांत फरक आहे. कवितेचा वाचक कधीच पुरा होत नाही, आणि पत्राला वाचक एकच असतो. त्या एकाने ते मनापासून वाचले की पत्राचे काम झाले. उरतो तो कागद."

"आणि त्या कागदात कविता असली तर?"

"होती ना. दोन-तीन पत्रांत होती. म्हणून तर सहा रात्री लागल्या, नाहीतर एका रात्रीत झाले असते."

आमच्या कट्ट्यावर इतकी वर्षे कला, प्रेम आणि अध्यात्म यांवर जे काही बोलले गेले, त्यात हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते. चित्रकाराला ते पटले नाही, आणि त्याला पटू नये हेही मला योग्य वाटते, कारण त्याला पटले तर त्याला चित्रे काढता येणार नाहीत.

धाकट्याला मात्र हा ताण सोसवेना. तो म्हणाला, "संतांना हे किती सोपे होते! तुकोबांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत सोडल्या आणि मोकळे झाले."

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "मोकळे झाले? तेरा दिवस काठावरच्या शिळेवर अन्नपाण्याविना कोण बसले होते? वह्या वर आल्या हे सगळ्यांच्या लक्षात राहते. त्या येतील हे माहीत नसताना गेलेले तेरा दिवस कोणी मोजत नाही. सहज सोडणारा माणूस घरी जाऊन झोपतो रे."

मला वाटते, विरक्तीचा गौरव करताना आपण हे तेरा दिवस फार लवकर ओलांडतो. ज्याची माया तुटलेलीच आहे, त्याने काही टाकले तर ती घरातली आवराआवर झाली. मायेने भरलेला हात उघडतो तेव्हा तो थरथरतो, आणि त्या थरथरण्याची लाज कोणत्याही खऱ्या साधकाला वाटल्याचे मी वाचलेले नाही. आपल्या भाषेला हे कळलेले असावे, कारण वेदान्तात जी माया भ्रम ठरते, तीच मराठी घरात आईच्या हाताला असते, आणि एरवी षड्‌रिपूंपैकी एक असलेला लोभ पत्राच्या शेवटी आला की आपण तो वाढावा अशी विनंती करतो.

मी हे बोललो तेव्हा सर एकदम उत्साहाने पुढे सरकले, आणि मला कबूल केले पाहिजे की त्या संध्याकाळचे सर्वांत सुंदर वाक्य त्यांनीच उच्चारले. ते म्हणाले, "आणि विसर्जन घ्या. सर्जन आणि विसर्जन, दोन्हींचा धातू एकच: सृज्. म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे. निर्माण करणे हेसुद्धा मुळात सोडणेच आहे!"

वहिनींनी मान डोलावली. "सर, हे तुम्ही फार चांगले सांगितलेत. हे यांना आवडले असते."

एवढ्यावर संध्याकाळ संपली असती, पण चित्रकाराच्या मनात काही वेगळेच जागे झाले होते. "सर, निर्माण करणे म्हणजे सोडणे, तर मग नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्यासाठी जे चित्र सोडले, त्याचे पुढे काय झाले? तुमच्या घरी इतक्यांदा आलो, भिंतीवर ते कधी दिसले नाही."

सर गडबडले. "ते उत्तम स्थितीत आहे."

"कुठे आहे?"

"कपाटाच्या मागे. उजेडाने रंग उडतात म्हणून मेणकापडात बांधून, वरून खोका घालून, सुतळीने पक्के केले आहे. नऊ वर्षांत त्यावर धुळीचा कणसुद्धा बसलेला नाही."

"म्हणजे तुम्ही ते पाहिलेच नाही?"

"मिळाले त्या दिवशी पाहिले होते! पूर्णपणे!"

धाकटा हसू लागला, आणि मग चित्रकारही, जरी त्याच्या चेहऱ्यावरचा राग अजून पुरता गेला नव्हता. वहिनी मात्र उठून उभ्या राहिल्या. "चला. आत्ताच पाहू."

"आत्ता? घरात पसारा आहे, वहिनी. उद्या..."

"आजच, सर."

आम्ही पाच जण सरांच्या घरी गेलो. कपाट ओढायला मी आणि धाकटा लागलो, आणि मागून निघालेल्या त्या खोक्यावर खरोखरच धूळ नव्हती, कारण त्यावर आणखी एक चादर होती. चित्रात आपण काय काढले होते, हे चित्रकाराला आठवत नव्हते. वाटेत त्याने दोनदा सांगून पाहण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वेगवेगळे सांगितले. खोक्याभोवती सुतळीचे सात-आठ वेढे होते आणि प्रत्येक वेढ्याला स्वतंत्र गाठ होती. वहिनींनी विळी मागितली. सरांनी दोन्ही हात खोक्यावर आडवे धरले आणि कळवळून म्हणाले, "सुतळी कापू नका हो! चांगली आहे, पुन्हा कामाला येईल."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना कपाटाचा आधार घ्यावा लागला. दादा गेल्यानंतर त्यांना तसे हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्या खाली बसल्या, खोका मांडीजवळ ओढून घेतला आणि पहिली गाठ नखाने सोडवू लागल्या.