पाहुण्यांपुढे पेज का नको?

कोकणात राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग काय, रोज सुरमई?" सुरमई मला आवडते, पापलेटही आवडतं. पण पाऊस थांबायचं नाव घेत नाही, घरात दुखणंखुपणं चालू आहे, डोकं भणभणलंय, अशा दिवशी मला सुरमई आठवत नाही. मला पेज आठवते. उकड्या तांदळाची, लालसर, वाफाळती, चवीपुरतं मीठ घातलेली, आणि बाजूला निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. माझ्या लेखी आख्ख्या सिंधुदुर्गात याच्या वरचढ जेवण नाही. आणि हे मी हॉटेलांतल्या थाळ्या भरपूर खाऊन झाल्यावर लिहितेय.

मे महिन्यात आमच्याकडे पुण्याहून ओळखीचे पाहुणे आले होते. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्यासाठी पुढच्या खोलीत पोहे आणि आम्ही घरचे मागच्या पडवीत पेज जेवत बसलेलो. त्यांच्यातले आजोबा हात धुवायला मागे आले आणि ताटाकडे बघून म्हणाले, "तुम्ही हे खाताय, मग आम्हाला का नाही?" सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "पावण्यांका पेज खंय वाढतत?" आजोबांनी पाट ओढला आणि दोन वाट्या पेज संपवली. पोहे तसेच राहिले.

सासूबाईंचं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे पेजेला गरिबीचा शिक्का बसलाय. कारणही उघड आहे. जमीन थोडी, भात पावसावर अवलंबून, घरातला कर्ता मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर येईल तेव्हा येईल. तांदूळ पुरवायचा तर पाणी वाढवायचं. आमच्या आज्यांनी तेच केलं आणि त्यावर आख्खी कुटुंबं उभी राहिली. यात लाजण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

शिवाय पेज ही काही भातात पाणी ओतून होणारी वस्तू नाही. त्याला उकडा तांदूळच लागतो. भात सालासकट भिजवायचं, मोठ्या भांड्यात चुलीवर उकडायचं, साल तडकायला लागली की उपसून खळ्यात वाळवायचं, मग भरडून आणायचं. उन्हाचा अंदाज चुकला तर वास लागतो. या उकडण्यात कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं, म्हणून भरडल्यावरही ते बरंचसं टिकून राहतं. शिजताना हा दाणा विरघळून लगदा होत नाही. दाणा वेगळा आणि वरचं दाटसर पाणी वेगळं राहतं. साध्या पांढऱ्या तांदळाची पेज करून "आम्हीही केली हो" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, एकदा उकड्याची करून बघा. सकाळी नांगर धरून, लावणी करून आलेल्या माणसाला दहा वाजता पाणी, मीठ आणि पोटाला आधार असं तिन्ही एका वाडग्यात मिळायचं. बाजूला फणसाची भाजी, नाहीतर मिठातली कैरी, नाहीतर चुलीत भाजलेला पापड. तूप घातलं तर मी नको म्हणत नाही, पण पेजेची गोडी तुपाशिवायच कळते.

पेजेनंतर कुळथाची पिठी. हिच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. भात कापून झाला की शेतात जी ओल उरते, तिच्यावरच कुळीथ येतो, वेगळं पाणी लागत नाही. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मांसमच्छी न खाणाऱ्या घरांतली पोरं या पिठीवर वाढलीत. कुळीथ आधी भाजायचे, मग भरडून साल पाखडायची आणि मग दळायचे. भाजणं कमी पडलं तर पिठी उग्र लागते, जास्त झालं तर कडू. फोडणीला लसूण ठेचून, चिरून अजिबात नाही. हिरवी मिरची, थोडा कांदा. पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं आणि उकळी येईपर्यंत तिथून हलायचं नाही, नाहीतर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. दोन आमसुलं टाकायची, ती टाकल्याशिवाय पिठी पुरी होत नाही. आमच्याकडे वरून ओलं खोबरं घालतात, माझ्या माहेरी घालत नसत. मी माहेरची बाजू घेते, खोबऱ्याने कुळथाचा खमंगपणा दबतो. या मुद्द्यावर घरात रोज मतदान घेतलं तरी मी रोज हरेन, पण मत बदलणार नाही.

बेसनाच्या पिठल्याशी तिची तुलना करू नका. पिठलं छान असतं, भाकरीबरोबर तर फारच छान. पण तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला पहिली चव येते ती गरम भातावरच्या पातळ पिठीने, हे मी आमच्या घरात पुन्हापुन्हा पाहिलंय.

आता ज्याच्यावरून मला सगळ्यात जास्त बोलणी बसतात, तो विषय. सुकी मासळी. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. मासळीच्या विणीचा काळ, त्यातून समुद्र खवळलेला. बंदी योग्यच आहे, ती नीट पाळली तर पुढे जाळ्यात काही लागेल. पण या बंदीच्याही कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरच्या बायकांनी एप्रिल-मेच्या उन्हात मासळी वाळवून पावसाची बेगमी केलेली आहे. बांगडे चिरून, मीठ भरून, उन्हात. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, वाळूवर पसरून. उत्तरेकडे त्याला सुकट म्हणतात, आमच्याकडे गोलमो. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, महाग, ते पाहुण्यांसाठी. गोलमो घरच्यांसाठी.

गोलमो नीट निवडायचा, वाळूचा एक कण राहिला तरी घास वाया. कोरड्या तव्यावर भाजायचा, हाताने चुरायचा, त्यात बारीक कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि आमसुलाचं थोडं पाणी. झालं किसमूर. साध्या वरणभाताबरोबर हे खाल्लं की मला जगाकडून आणखी काही नको असतं. रात्री उशिरा भूक लागली की मी नुसता भाजलेला गोलमो मुठीत घेऊन खाते. डबा मुलीच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवलाय. ती मोठी झाल्यावर तिला तिचा वेगळा डबा देईन.

माझा भाऊ मुंबईत भाड्याने राहतो. तिथे सुकट भाजली की खालच्या मजल्यावरून लगेच तक्रार येते. म्हणून वहिनी खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून, रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना बांगडा भाजते. वास येतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण तुपाची फोडणी, हिंग, कोबी यांचाही वास जिन्यात येतोच, त्यावर कुणी चिठ्ठी लावत नाही. ज्या अन्नाने तिच्या माहेरच्या चार पिढ्यांना पावसाळे काढू दिले, ते तिने स्वतःच्या घरात चोरासारखं खावं, याचं मला फार वाईट वाटतं आणि रागही येतो. गावाहून निघताना ती पिशवीत वर आंबे आणि खाली चार पदरी गुंडाळलेले बांगडे भरते. माझं म्हणणं, उघड ने. उघड भाज.

शिळ्या तिखल्याबद्दल, म्हणजे माशाच्या दाट तिखट कालवणाबद्दल, दोन ओळी लिहायलाच हव्यात. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं पहिल्या दिवशी चांगलं असतं आणि दुसऱ्या दिवशी थोर असतं. मातीच्या भांड्यात आटलेलं, तळाला चिकटलेलं, त्यात भात कालवून भांडं पुसून खायचं. पाहुणे असले तर हे करता येत नाही, म्हणून पाहुणे गेल्यावर करते.

गोडाचं प्रकरण वेगळं. आमच्या घराण्यात साखरेचा आजार आहे, त्यामुळे इथे मनात खरोखर टोचणी असते. तरी जत्रेतला खाजा मी सोडलेला नाही. चणाडाळीच्या पिठाची जाड शेव तळून आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात. दात भक्कम हवेत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा असो (तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते) की महाशिवरात्रीला कुणकेश्वरची, घरी परतताना हातात खाज्याचा पुडा असलाच पाहिजे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो, तिथे पहाटेच्या गार वाऱ्यात तो खाजा आल्याने घसा तापवत उतरतो. पेढे, बर्फी, केक मी वर्षभर सहज नाकारते, सगळी सूट खाज्यासाठी राखून ठेवते. आणि तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस. पिकलेलं तवसं किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, वरखाली निखारे ठेवून भाजलेलं. गॅसवरही होतं, पण खालची ती करपट खमंग कड येत नाही, आणि माझ्यासाठी धोंडस म्हणजे ती कडच.

खोबरेल तेलात तळलेले फणसाचे गरे आणि चहात बुडवून खायचे बेकरीतले कडक बटर, हे दोन्ही आरोग्याच्या कुठल्याच यादीत बसत नाहीत. दोन्ही मला अतिशय आवडतात. पुढे जाऊ.

आता खानावळवाल्यांशी थोडं. तुमच्या हाताला चव आहे, मी तुमच्याकडे जेवते, म्हणून हक्काने लिहिते. सोलकढीला रंग घालू नका. "सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम" म्हणून आपल्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्याच जिल्ह्यात बसून आपण भडक गुलाबी पाणी पाजायचं? आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, आणि ताजं नारळाचं दूध यांचा रंग फिकटच असतो. ती फार वेळ राहिली तर फुटते, म्हणून थोडी थोडी करायची असते. नारळ परवडत नसेल तर फुटी कढी द्या, नुसत्या आमसुलाची, हिंग-मिरची लावून. ती काही कमी नाही. कोंबडी-वड्यांत मैद्याच्या पुऱ्या वाढू नका. वड्याचं पीठ तांदळाचं, त्यात उडीद, चणाडाळ, मेथी, धणे, जाडसर दळलेलं. तो वडा काळ्या वाटाण्याच्या सांबाराबरोबर खाल्ला तर कोंबडीची आठवणही येत नाही.

आणि सकाळी नऊ ते अकरा पेज ठेवा. एक भाजी, भाजलेला बांगडा किंवा गोलमो, लोणचं. शाकाहारी पाहुण्याला फणसाची भाजी आणि पापड. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मालवण, वेंगुर्ले, देवगडला येणारा माणूस पोहे-उपमा त्याच्या गावीही खातोच की. भाव मात्र चांगला लावा. भात उकडणं, वाळवणं, मासळी खारवणं, गोलमो निवडणं ही सगळी बायकांच्या हातची कामं आहेत आणि आजवर त्यांचे पैसे कुणी मोजलेले नाहीत. गावातल्या चार जणींकडून उकडा तांदूळ विकत घ्या, त्यांना रोख द्या आणि ते थाळीच्या दरात धरा.