शंभर टक्के व्यग्र

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्या गावाची ख्याती माझ्या घरातल्या संगणकाने गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस पणाला लावली होती.

विंडोज 10 चा अधिकृत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा मीही नवी आवृत्ती घालायचे ठरवले. मात्र त्याआधी, जावई यायच्या आदल्या दिवशी घर आवरावे तसे, कॅबिनेट उघडून आतली धूळ ब्रशने झाडली आणि 4 जीबी रॅमच्या जोडीला आणखी 4 जीबीची पट्टी बसवली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी तो सोयीस्करपणे विसरलो होतो.

अपग्रेडनंतर संगणकाचे बटण दाबून चहा टाकला, प्यालो आणि कपबशी विसळून ठेवली, तरी पडद्यावरचे गोल फिरतच असायचे. एक सातबारा उघडायला चार मिनिटे लागली. संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर पाहिला, तर डिस्क 100 टक्के व्यग्र आणि प्रत्यक्ष वाहतूक सेकंदाला जेमतेम 1 एमबी. एकेरी रुळावर क्रॉसिंगला थांबलेल्या पॅसेंजरचे इंजिनही असेच धडधडत असते.

मी अर्थातच दोष नव्या आवृत्तीला दिला. अपग्रेडनंतर फायलींची शोधसूची नव्याने तयार होते आणि दोन-तीन दिवस डिस्क त्यात गुंतून राहते, हे वाचून तीन दिवस संयम पाळला. परत फिरता यावे म्हणून जुनी सिस्टीम दहा दिवस राखून ठेवलेली असते, असे समजल्यावर दहाव्या दिवसाच्या विसर्जनाची वाट पाहिली. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद, तेव्हा विखुरलेल्या बारीक फायली वाचायला तबकडीला वेळ लागणारच, असे गणित मी बायकोला समजावून सांगितले. तिने सातबारा मागितला.

शेवटी लातूरहून भाचा आला. त्याने डिस्कच्या प्रकृतीचा तक्ता उघडला. खराब सेक्टर शून्य; पण 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' या ओळीत चार हजारांवर आकडा, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

"मामा, डब्बा उघडला होता का तुम्ही?"

"धूळ झाडली जराशी," मी म्हणालो.

डिस्ककडून निघालेली माहिती पलीकडे पोचल्यावर तिची बेरीज पडताळली जाते आणि ती जुळली नाही, तर तीच माहिती पुन्हा मागवली जाते; त्या ओळीतला आकडा म्हणजे अशा न जुळलेल्या बेरजांची मोजदाद. रेंज नसलेल्या शेतातून मोंढ्यातल्या माणसाला सोयाबीनचा भाव विचारावा आणि दर वेळी "आं? काय म्हणलाव?" ऐकू यावे, तसा हा संवाद पंधरा दिवस चालला होता. बोलणारा धडधाकट, ऐकणाराही धडधाकट. मधली तारच सैल. भाच्याने टॉर्च धरली, तेव्हा डिस्कला संगणकाशी जोडणाऱ्या लाल साटा केबलचे टोक खाचेतून करंगळीच्या नखाइतके तिरके बाहेर आलेले दिसले. नेमके तिथेच माझा ब्रश फिरला होता. त्याने ते अंगठ्याने दाबले. 'टक्' असा आवाज झाला.

सातबारा आठ सेकंदांत उघडला. नेमके काय झाले होते, असे बायकोने विचारताच भाचा तोंड उघडणार, इतक्यात मी घाईने म्हणालो, "नवी सिस्टीम आहे, स्थिरावायला वेळ घेते." वाईट इतकेच की, तक्त्यातला तो आकडा वाढायचा थांबला, तरी पुन्हा शून्यावर येत नाही.