एडिंबऱ्याची भुते आणि माझी लघुशंका

‘‘बाबा, आज संध्याकाळी तुम्हांला एडिंबऱ्याची भुते दाखवतो,’’ असे जावईबापू म्हणाले तेव्हा मी भाबडेपणाने कानटोपी चढवली. ही भुते मद्यगृहांत वस्तीला असतात आणि त्यांच्या दर्शनासाठी प्रत्येक ठिकाणी एकेक पेला रिचवावा लागतो, ही माहिती मला दाराला कुलूप लागल्यावर मिळाली. सौभाग्यवतींचे गुडघे नेमके त्याच दिवशी का दुखू लागले, याचा उलगडाही तेव्हाच झाला. आमच्या कोकणातली भुते पिंपळावर नाहीतर आडात राहतात आणि एका नारळावर त्यांचे भागते.

आम्ही सहा जण होतो. ज्याची पाळी त्याने सगळ्यांसाठी पेले आणायचे, अशी तिथली ‘राउंड’ नावाची रीत आहे. ही पद्धत आपल्या भिशीसारखीच. फरक इतकाच की, शेवटी हातात काही पडत नाही, जे काही साठायचे ते मूत्राशयात साठते. मी निर्व्यसनी असल्यामुळे लिंबू-सोडा घेत होतो. पण त्याचाही पेला पाइंटाचा, म्हणजे 568 मिलिलिटरचा. ‘नको’ म्हणावे, तर जावयाचा मान जातो.

काळा झगा घातलेल्या आमच्या मार्गदर्शकाने आरंभ केला तो डीकन ब्रोडीपासून. हे गृहस्थ दिवसा नामांकित सुतार आणि नगरसेवक होते, रात्री घरफोड्या करत आणि 1788 मध्ये फासावर गेले. (आमच्या नगरसेवकांना रात्रपाळी करावी लागत नाही, हे मी सोड्याबरोबर गिळले.) मग बर्क आणि हेअर. या जोडीने 1828 मध्ये सोळा माणसे मारून त्यांची प्रेते डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली. त्याआधी भाडे थकवून मेलेल्या एका म्हाताऱ्याच्या प्रेताचे त्यांना साडेसात पौंड मिळाले होते आणि तिथूनच त्यांना या धंद्याची चटक लागली. साडेसाती म्हणतात ती हीच. त्यानंतर लगेच माझी पाळी आली आणि बिल झाले बत्तीस पौंड. बर्कच्या दराने चार प्रेते येऊन वर सुटे पैसे उरले असते.

वेस्ट बोच्या निसरड्या दगडी उतारावरून ग्रासमार्केटात पोहोचेपर्यंत पाऊस आडवा लागला होता. हा चौक म्हणजे जुने फाशीचे मैदान. तिथली शेवटची फाशी 1784 ची. मार्गदर्शक आवाज खोल नेत, कानोसा घ्यायला सांगत होता. भुतांच्या अस्तित्वाबद्दल माझ्या मनात मोठी शंका होतीच. परंतु त्या क्षणी लघुशंका तिच्यापेक्षा मोठी झाली होती आणि मला ऐकू येत होते ते केवळ पन्हळीतून गळणारे पाणी.

तरीही मॅगी डिक्सनची कथा मी पाय आवळून पूर्ण ऐकली. 1724 मध्ये या बाईला इथेच फाशी दिली. प्रेत पेटीत घालून मसलबऱ्याला न्यायला निघालेली मंडळी वाटेत तहान भागवायला एका मद्यगृहापाशी थांबली, तेवढ्यात पेटीतून आवाज आला आणि मॅगी जिवंत निघाली. पुढे ती कित्येक वर्षे जगली. आपल्याकडेही तिरडी वाटेत विसाव्याला टेकवतात. पण विसाव्याच्या दगडाशेजारी गुत्ता हवा, ही दूरदृष्टी आपल्या पूर्वजांना नव्हती. त्या रात्री भेटलेल्यांपैकी मला आपली वाटली ती हीच बाई.

त्यानंतर अजून दोन मुक्काम बाकी आहेत, असे कळताच मी ओल्या बाकावर बसलो आणि माझ्या गुडघ्यांनी उठायला साफ नकार दिला. शेवटी एका बाजूने जावईबापूंनी आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या धिप्पाड स्कॉटिश मित्राने मला खांदा दिला आणि आमची यात्रा घराच्या दिशेने पायऱ्या चढू लागली. कोणी रामनाम घेत नव्हते, एवढीच काय ती उणीव. अर्धा चढ झाला, तोच दोन्ही खांदेकऱ्यांना तहान लागली आणि त्यांनी मला एका मद्यगृहाच्या दाराशी टेकवले.

आत कोपऱ्यात स्वच्छतागृहाची पाटी दिसली, आणि मी मॅगीसारखा ताडकन उठलो.