गाडीखाली पत्रा मारला म्हणून ती रस्त्याला चिकटत नसते

सोलापुरात हौसेनं घरी उघड्या चाकांची स्पोर्ट्स कार बांधणारे मोजकेच. त्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय: दुकानाच्या बोर्डाला लावतात ती एसीपी शीट आणा, गाडीच्या तळाला पुढून मागपर्यंत सपाट बसवा, पॉप रिव्हेट मारा. गाडी फॉर्म्युला वनसारखी रस्त्याला चिकटेल, इंजिन थंड राहील, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) वाचेल, ॲव्हरेज वाढेल, आणि खर्च किरकोळ. अंडरट्रे, म्हणजे गाडीच्या तळाला बसवलेला असा पत्रा, मला नावडता नाही, पण हे वर्णन वाचून कुणी उद्या ड्रिल हातात घेईल म्हणून लिहितोय.

आधी फॉर्म्युला वन. १९७७-७८ च्या लोटस ७८ आणि ७९ या रेसच्या गाड्या रस्त्याला चिकटायच्या, पण सपाट तळामुळे नव्हे. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या पॉडचा (फुगवट्यांचा) तळ विमानाच्या उलट्या पंखासारखा वळवलेला होता आणि कडेच्या स्कर्टमुळे, म्हणजे रस्त्यापर्यंत टेकणाऱ्या पट्ट्यांमुळे, बाहेरची हवा खाली शिरत नव्हती. चाकांमधला तळ सपाट ठेवायची सक्ती आली १९८३ पासून, आणि ती पकड कमी करण्यासाठी! बंधन म्हणून आलेली गोष्ट मेसेजवाल्यानं गुपित म्हणून खपवली.

सपाट तळ अगदीच निरुपयोगी असतो असंही नाही. गाडीचं नाक शेपटीपेक्षा जरा खाली असेल आणि ट्रेचा मागचा भाग सात-दहा अंश वर उचललेला असेल, तर खालची हवा वेग घेते आणि गाडी खाली ओढली जाते. नाक वर राहिलं तर उलटंच, हवा खाली कोंबली जाऊन पुढचा भाग हलका पडतो. आता हिशेब करू. ताशी १०० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण ४५ किलो भरतो. गाडीचं समोरचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर आणि ट्रेमुळे लिफ्टच्या (हवा गाडीला किती उचलते किंवा दाबते त्याच्या) गुणांकात ०.१ चा फरक धरला, तर हाती येतो सात किलोचा दाब. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचा दोन चौरस मीटरचा ट्रे स्वतःच आठ किलोचा असतो. पन्नासच्या वेगाला ते सात किलो पावणेदोनवर येतात, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. आपल्या चौपदरी महामार्गांवर कारची मर्यादाच १०० आहे. (घरी बांधलेली गाडी तिथं न्यायला आरटीओची नोंदणी लागते, ते निराळंच प्रकरण.)

‘इंजिन थंड राहील’ हा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. असल्या गाड्यांत हवा नाकातून रेडिएटरमध्ये शिरते आणि बहुतेक इंजिनखालून बाहेर पडते. तोच रस्ता तुम्ही पत्र्यानं बंद केला, तर पुढून कितीही मोठं तोंड ठेवा, हवा शिरणार नाही. त्यात आपला मे महिना. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेर २० अंश असताना फरक ७० चा मिळतो. बाहेर ४३ असताना ४७ चाच. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी उष्णता टाकतो. विलायतेतल्या गार हवेत ज्याचं निभावतं त्याची गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उकळू शकते, काय ओ! त्यामुळे ट्रेच्या आधी हवेची वाट करा. बॉनेटच्या किंवा इंजिनच्या बाजूच्या पत्र्यात झरोके कापा, पण विंडस्क्रीनच्या पायथ्याशी नको. तिथं दाब जास्त असतो, हवा उलटी आत येते. झरोक्याच्या कडेला सुताचे तुकडे टेपनं चिकटवा आणि गाडी चालवताना फोननं शूटिंग करा. धागे बाहेरच्या बाजूला ताणलेले दिसले तर वाट बरोबर. सोलापुरात सूत मिळत नाही अशी सबब चालायची नाही.

चेंबर वाचण्याचं म्हणाल, तर उडणाऱ्या खडीपासून वाचेल. स्पीडब्रेकरपासून नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापानं केलेला गोलाकार उंचवटा १० सेंटिमीटर उंच, गाडीच्या दिशेनं ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतले ना त्या मापाचे, ना त्या उताराचे. त्यावर घासून ट्रेची पुढची कड एकदा खाली वाकली, की तिथंच हवा आणि माती भरायला लागते, आणि वेगात असताना अख्खा पत्रा फाटून निघू शकतो.

एसीपीबद्दल तर सरळ नाही म्हणा. दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये बहुधा पॉलिथिलीन असतं. ते सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप कित्येक शे अंश तापतो. ट्रेवर गळक्या सीलमधून ऑइल किंवा पेट्रोल साचलं तर पुढचं सांगायला नको. ट्रे कुठलाही असो, सर्वात खालच्या जागी निचऱ्याची भोकं हवीतच.

ॲव्हरेजचं थोडक्यात सांगतो. उघडी चाकं आणि उभी काच असलेल्या गाडीत हवेचा मुख्य अडथळा वरच असतो, आणि शहरातल्या वेगाला तर तोही गौण.

राहिला खर्च. पत्रा स्वस्त आहे, हे खरं. पण इंजिनखालचा तुकडा वेगळा, काढता येईल असा ठेवायला रिव्हनट (पत्र्यात पक्का बसणारा आट्यांचा नट) किंवा क्वार्टर-टर्न (पाव वळशात सुटणारे) फास्टनर लागतात, चेसिसवर ब्रॅकेट लागतात, झरोके कापायला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या शॉपची मजुरी लागते. हे सगळं वाचवून रिव्हेटच मारले, तर ऑइल बदलायच्या वेळी फिटर एकेक रिव्हेट ड्रिल करत बसेल. पहिल्यांदा तो हसेल, दुसऱ्यांदा मजुरी दुप्पट सांगेल.